कोड उतरवला, आता उभा करायचाय

वाशी म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांसमोर खाडीपूल ओलांडल्यावर लागणारं नवी मुंबईतलं वाशी येतं. हा लेख दुसऱ्या वाशीचा आहे. धाराशिव जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. सोलापूर-धुळे महामार्ग या तालुक्यातून जातो, तेरखेड्यात फटाके तयार होतात, खरिपात बघाल तिकडं सोयाबीन असतं आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांचे ट्रॅक्टर रस्त्याला लागतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा तिच्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव.

या गावात बसून एखाद्या मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पाचा कोड स्वतःच्या लॅपटॉपवर उभा करता येतो का, हा माझा प्रश्न आहे. नुसता वापरता येतो का, हे मी विचारत नाही. फायरफॉक्स इथंही चालतो, लिब्रेऑफिस इथल्या दुकानांतही बसवलेलं असतं. मी विचारतोय ते पुढचं. कोड उघडायचा, त्यातली एक ओळ बदलायची, पुन्हा चालवायचं आणि बदल पडद्यावर दिसला पाहिजे. यासाठी जी सगळी मांडामांड करावी लागते तिला आपल्याकडची पोरं एका शब्दात ‘सेटअप’ म्हणतात. आणि या क्षेत्रात शिरू पाहणारी किती तरी पोरं कोड वाचण्याआधीच, या सेटअपपाशी गळून जातात. ‘सर, एरर यायलाय’ इथपासून सुरुवात होते आणि आठवड्याभरात लॅपटॉप पुन्हा सिनेमे बघण्याच्या कामाला लागतो. ही गळती बुद्धी कमी पडल्यामुळे होत नाही, म्हणून ती मला जास्त लागते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या कायद्याला या अडचणीची जाणीव फार पूर्वीपासून आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. त्यातून जन्मलेल्या जीपीएल या परवान्याची पहिली आवृत्ती १९८९ ची, दुसरी १९९१ ची आणि तिसरी २००७ ची. सोर्स कोड कशाला म्हणायचं, याची व्याख्या १९९१ च्या आवृत्तीत आहे आणि ती मन लावून वाचण्यासारखी आहे. प्रोग्रॅमच्या फायली दिल्या म्हणजे संपलं असं तो परवाना मानत नाही. तो प्रोग्रॅम कंपाइल करायला आणि बसवायला ज्या स्क्रिप्ट लागतात त्याही देणं बंधनकारक आहे. २००७ च्या आवृत्तीने हे आणखी स्पष्ट केलं: बनवायला, बसवायला, चालवायला आणि बदलायला जे लागतं ते सगळं. परवाना लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की उभा करता न येणारा कोड हा दाखवायचा कोड असतो.

पण कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिम अशा सर्वसाधारण साधनांचा भार तो परवाना कोड देणाऱ्यावर टाकत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यापलीकडच्या चार गोष्टी तर कुठलाच परवाना देऊ शकत नाही: पुरेशी रॅम, न तुटणारं इंटरनेट, न जाणारी वीज आणि एरर वाचता येईल एवढं इंग्रजी. मुंबईतल्या डेव्हलपरला या चार गोष्टी हवेसारख्या असतात, म्हणून सूचना लिहिताना त्याच्या त्या लक्षातही येत नाहीत. वाशीत त्या एकेक करून मोजाव्या लागतात.

*

उदाहरणासाठी मी ईआरपीनेक्स्ट निवडलं. तो खरोखर मोठा प्रकल्प आहे, जगभर वापरला जातो आणि जन्मला आपल्या राज्यात, मुंबईत. ऋषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा व्यवसाय. त्या व्यवसायाचा हिशेब, साठा, ऑर्डरी सांभाळायला नीट सॉफ्टवेअर हवं, या गरजेतून त्यांनी ते स्वतः लिहायला घेतलं. २००८ मध्ये वेब नोट्स नावाने कंपनी निघाली, तीच पुढे फ्रॅपे झाली. प्रकल्पाचे दोन थर आहेत. खालचा थर म्हणजे फ्रॅपे फ्रेमवर्क, एमआयटी परवान्याखाली. त्यावर उभं असलेलं ईआरपीनेक्स्ट हे हिशेब, खरेदी-विक्री, साठा, उत्पादन यांचं सॉफ्टवेअर, जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली. सर्व्हरकडची बाजू पायथनमध्ये, पडद्याकडची जावास्क्रिप्टमध्ये. याच वर्तुळातून पुढे फॉस युनायटेड ही संस्था उभी राहिली. ओपन सोर्सची संमेलनं आणि हॅकेथॉन ती देशभर भरवते.

हे सॉफ्टवेअर वाशीच्या कामाचं आहे म्हणूनही मी ते निवडलं. कंपनी कायद्यात २००२ मध्ये दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. २०२० मध्ये केंद्राने अशा दहा हजार संघटना उभ्या करण्याची योजना आणली. मराठवाड्यात या कंपन्यांचं मुख्य पीक सोयाबीन आणि हरभरा. हंगामात माल येतो तो कट्ट्यांत, मोजला जातो क्विंटलमध्ये, त्याचा ओलावा तपासला जातो, काडीकचरा बघितला जातो, पैसे कुणाला रोख, कुणाला खात्यावर, कुणाची जुनी उचल वळती करून. हा सगळा पसारा वहीत आणि एक्सेलच्या फायलीत सांभाळताना संचालकांची दमछाक होते. विकतचं सॉफ्टवेअर घेतलं तर ते बदलायला विक्रेत्याच्या दाराशी उभं राहावं लागतं. ईआरपीनेक्स्ट बदलायची परवानगी आधीच मिळालेली आहे. बदलणारं माणूस मात्र गावात असलं पाहिजे, आणि त्याच्या लॅपटॉपवर ते उभं असलं पाहिजे.

*

आता प्रत्यक्ष उभारणी. मी इथं पंधराव्या आवृत्तीचं सांगतो, ती २०२३ मध्ये आली.

पहिला निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमचा. या पंधराव्या आवृत्तीला पायथन ३.१० किंवा त्यापुढचं, नोड १८, मारियाडीबी १०.६ हा डेटाबेस आणि रेडिस लागतं. उबंटूची २२.०४ ही आवृत्ती घेतली तर पायथन, मारियाडीबी आणि रेडिस तिच्या स्वतःच्या भांडारातूनच नेमक्या जुळणाऱ्या मिळतात. फक्त नोड फार जुना मिळतो, तो वेगळा आणावा लागतो. हे आधी माहीत असेल तर अर्धं डोकं शांत राहतं. ज्यांच्या लॅपटॉपवर विंडोज आहे त्यांना ती पुसून टाकायची गरज नाही, तिच्या आतच लिनक्स चालवायची सोय मायक्रोसॉफ्टने दिलेली आहे. मात्र कोड त्या आतल्या लिनक्सच्या फोल्डरमध्येच ठेवायचा. ‘सी’ ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून वाचायला गेलात तर प्रत्येक गोष्ट रांगते.

या सगळ्याची जुळवाजुळव करणारं ‘बेंच’ नावाचं साधन फ्रॅपेने दिलं आहे. परवान्यात ज्या स्क्रिप्टचा उल्लेख आहे, त्यांचं हे आजचं रूप. बेंचला ‘इनिट’ म्हटलं की ते एक फोल्डर बनवतं. त्यात ‘अॅप्स’मध्ये कोड, ‘साइट्स’मध्ये आपली माहिती, ‘एन्व्ह’मध्ये या प्रकल्पापुरतं वेगळं पायथन, शिवाय ‘कॉन्फिग’ आणि ‘लॉग्ज’. वेगळं पायथन कशासाठी? एकाच लॅपटॉपवर दोन प्रकल्पांना एकाच लायब्ररीच्या दोन निरनिराळ्या आवृत्त्या हव्या असतात. एकाचं काम करताना दुसरा मोडू नये म्हणून प्रत्येकाचा संसार वेगळा.

इथं वाशीची पहिली परीक्षा होते. गिट या कोडच्या नोंदी ठेवणाऱ्या साधनाने कोड उतरवताना नेट तुटलं किंवा वीज जाऊन राउटर बंद पडला, तर गिट क्लोन जिथं थांबलं तिथून पुढं सुरू होत नाही. सगळं पुन्हा पहिल्यापासून. यावर गिटमध्येच उत्तर आहे: फक्त शेवटची अवस्था उतरवायची, मागचा सगळा इतिहास नको म्हणायचं. उतरवायचा भार खूपच हलका होतो. इतिहास नंतर, रात्री नेट मोकळं असताना, मागवता येतो. आणि तो मागवावाच, कारण एखादी विचित्र ओळ कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिली हे त्या इतिहासातच सापडतं. मोठा प्रकल्प समजून घ्यायला याहून चांगला शिक्षक नाही.

पायथनच्या आणि जावास्क्रिप्टच्या लायब्रऱ्यांचं वागणं थोडं दयाळू आहे. त्या उतरवणारी साधनं, म्हणजे पिप आणि यार्न, जे आलं ते साठवून ठेवतात. मध्येच तुटलं तर पुन्हा आज्ञा द्यायची; जे आधी पूर्ण उतरलंय ते परत मागवलं जात नाही. म्हणून नेट तुटल्यावर वैतागून सगळं फोल्डर पुसू नये. ही चूक नवीन पोरं हमखास करतात, कारण लाल अक्षरं दिसली की सगळंच बिघडलं असं वाटतं.

पुढचा अडथळा डेटाबेसचा. साइट बनवताना बेंच मारियाडीबीच्या रूट वापरकर्त्याचा पासवर्ड विचारतं. उबंटूवर त्या रूटला बहुधा पासवर्ड नसतोच. यंत्राचा मालक कोण आहे ते पाहून डेटाबेस त्याला आत घेतो. बेंच पासवर्ड घेऊन दाराशी जातं आणि ‘अॅक्सेस डिनाइड’ ऐकून परत येतं. आत जाऊन रूटला पासवर्ड दिला की प्रश्न मिटतो. दोन ओळींचं काम आहे, पण त्या दोन ओळी माहीत नसल्या तर माणूस इथंच अडकतो.

मारियाडीबीच्या सेटिंगमध्ये आणखी एक गोष्ट आहे, आणि मराठी माणसाने तिच्याकडे काणाडोळा करू नये. अक्षरसंच ‘यूटीएफ-८ एमबी-४’ असा ठरवायचा. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि इमोजीला चार. डेटाबेस जुन्या, एका बाइटच्या लॅटिन संचावर राहिला तर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठवली जाऊ शकते. ती नंतर दुरुस्त होत नाही, मूळ अक्षरं गेलेलीच असतात. फ्रॅपेच्या सूचनांत ही सेटिंग सुरुवातीलाच करायला सांगितली आहे. ती पायरी ओलांडून पुढं जाऊ नका, एवढंच कळकळीने सांगतो.

मग रॅम. चार जीबीचा, कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलेला लॅपटॉप ही इथली नेहमीची स्थिती. जावास्क्रिप्टच्या शेकडो फायली एकत्र बांधायची वेळ आली की स्मृती पुरत नाही, लिनक्स ते काम मध्येच मारून टाकतो आणि पडद्यावर एवढाच शब्द उरतो: ‘किल्ड’. कारण नाही, ओळ क्रमांक नाही. नवख्याला वाटतं, आपण काही तरी चुकीचं लिहिलं. त्याने काहीच चुकीचं लिहिलेलं नसतं. डिस्कवरची काही जीबी जागा स्वॅप म्हणून दिली, ब्राउझर बंद केला, की तेच काम हळूहळू पण पूर्ण होतं. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकता आली तर या कामासाठी त्याहून चांगला खर्च नाही.

एवढं झालं की ‘बेंच स्टार्ट’. एका खिडकीत सात-आठ प्रक्रिया एकाच वेळी बोलू लागतात. वेब सर्व्हर पोर्ट ८००० वर. क्षणाक्षणाचे बदल ब्राउझरला कळवणारा सॉकेट सर्व्हर ९००० वर. रेडिसची दोन रूपं, रांगेसाठी ११००० आणि तात्पुरत्या साठ्यासाठी १३०००. पाठीमागची कामं उरकणारा वर्कर, वेळेची कामं पाहणारा शेड्यूलर, आणि फाइल बदलली रे बदलली की पुन्हा बांधणारा वॉचर. हा गलबला पहिल्यांदा पाहिला की घाबरायला होतं. पण मला सेटअपचा हाच भाग सर्वात शिकवणारा वाटतो. इंटरनेटवर चालणारं कुठलंही मोठं सॉफ्टवेअर आतून कसं असतं ते इथं एका खिडकीत उघडं पडतं. वरून पाणी पिणाऱ्याला विहीर म्हणजे फक्त पाणी. गाळ काढायला जो आत उतरतो त्यालाच झरे कुठं आहेत ते दिसतं. पदवीच्या पुस्तकात ‘क्लायंट-सर्व्हर’ची आकृती पाठ केलेल्या मुलीला, रेडिस बंद करून पाहिल्यावर नक्की काय थांबतं आणि काय चालू राहतं, हे दिसतं तेव्हा ती आकृती पहिल्यांदा तिची होते.

पावती छापायला घेतली की आणखी एक गाठ. फ्रॅपे पंधरा पीडीएफ बनवायला एका जुन्या साधनावर अवलंबून आहे, त्याचं नाव डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ. २०२३ पासून त्या साधनाचं काम थांबलेलं आहे. आणि यंत्रावर देवनागरी फॉन्ट नसेल तर पावतीवर नावाच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. उपाय आपल्याच राज्यातून आलेला आहे. लोहित नावाचे मुक्त फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये खुले केले आणि त्यांची जोपासना रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं केली. उबंटूत लोहित देवनागरी, आणि खास मराठीसाठीचा लोहितही, एका आज्ञेत बसतो. बसवला की चौकोन जाऊन अक्षरं येतात. मुंबईत लिहिलेल्या सॉफ्टवेअरची पावती पुण्यात जोपासलेल्या फॉन्टमध्ये वाशीत छापली जाते, आणि यासाठी कुणाची परवानगी मागावी लागत नाही. या गोष्टीचं मला आजही अप्रूप आहे.

*

उभं तर केलं. आता त्याचं करायचं काय?

सोयाबीनची हमीभावाने खरेदी होते तेव्हा ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या हंगामात माल ओला होता, मोठ्या प्रमाणावर तो परत जात होता, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर केंद्राने मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. त्या वर्षी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पुढच्या वर्षी ५,३२८ झाला. कल्पना करा, एखाद्या उत्पादक कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये १२ चा आकडा पक्का बसवलेला आहे आणि नियम ऐन हंगामात बदलला. सॉफ्टवेअर लांबच्या शहरातल्या विक्रेत्याचं असेल तर तक्रार नोंदवा, वाट बघा. तोवर आवक वहीत. सॉफ्टवेअर गावातल्या लॅपटॉपवर उभं असेल तर तो बदल त्याच दुपारी होतो.

फ्रॅपेत हे कसं होतं ते सांगतो. इथं कागदाच्या प्रत्येक प्रकाराला डॉकटाइप म्हणतात. ‘माल आवक’ नावाचा डॉकटाइप पडद्यावरच बनवता येतो: शेतकरी, गाव, पीक, कट्टे, वजन, ओलावा, काडीकचरा. साध्या स्थितीत तो फक्त डेटाबेसमध्ये राहतो. पण बेंचला सांगून डेव्हलपर मोड चालू केला की त्याच डॉकटाइपच्या फायली कोडच्या फोल्डरमध्ये लिहिल्या जातात. रकान्यांचं वर्णन करणारी जेसन फाइल, नियमांची पायथन फाइल, पडद्यावरच्या वागण्याची जावास्क्रिप्ट फाइल. आता हा बदल गिटमध्ये नोंदवता येतो, दुसऱ्या कंपनीला देता येतो, चुकला तर मागे घेता येतो. पायथनच्या फाइलमध्ये ‘व्हॅलिडेट’ नावाचं फंक्शन लिहायचं. कागद जतन होण्याआधी फ्रॅपे ते आपोआप चालवतं. ओलावा मर्यादेहून जास्त दिसला तर तिथंच थांबवायचं आणि मराठीत कारण दाखवायचं.

मर्यादेचा आकडा मात्र पायथनच्या फाइलमध्ये लिहू नये. त्यासाठी सेटिंगचं एक पान करावं, म्हणजे पुढच्या वेळी नियम बदलला तर कोड उघडायचीसुद्धा गरज नाही, कंपनीचा हिशेबनीस तो स्वतः बदलेल. जो नियम सरकार बदलू शकतं तो कोडात गाडायचा नाही, हे शहाणपण मोठ्या प्रकल्पाचा कोड वाचूनच येतं. ईआरपीनेक्स्टमध्ये याची उदाहरणं पानोपानी आहेत. भारतातल्या जीएसटीचे नियम वारंवार बदलतात, म्हणून ते मुख्य ईआरपीनेक्स्टमधून काढून ‘इंडिया कंप्लायन्स’ या वेगळ्या अॅपमध्ये नेले आहेत. शेती, आरोग्य, शिक्षण यांचेही भाग असेच वेगळे केले गेले.

याच कारणाने ईआरपीनेक्स्टच्या मूळ फायलींत खाडाखोड करण्याऐवजी बेंचकडून आपलं वेगळं अॅप बनवून घ्यावं आणि त्यात लिहावं. मूळ कोड बदलला की पुढची आवृत्ती आणताना प्रत्येक बदलाशी झटापट होते. आपलं अॅप वेगळं असेल तर मूळ कोड मोकळेपणाने पुढं जातो.

लाखाचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, म्हणजे १,००,००० असे, दिसायची सोय आधीच आहे. क्विंटल हे माप आहे, कट्टा आपण घालायचा, आणि एका कट्ट्याचं वजन पिकानुसार ठरवायचं. मराठी भाषा निवडली की पडद्यावरचे काही शब्द मराठी होतात, काही इंग्रजीच राहतात. ते शब्द आता साध्या अनुवादाच्या फायलींत असतात. नवख्याने पहिलं योगदान तिथं द्यावं असं लोक सुचवतात. माझं मत थोडं वेगळं आहे. अनुवाद जरूर करावा, पण तो सेटअप उभा केल्यावर, शब्द कुठल्या बटणावर दिसतो ते पाहून करावा. नुसती यादी समोर ठेवून केलेला अनुवाद हिशेबनिसाला कळत नाही, आणि मग तो पुन्हा इंग्रजीकडेच वळतो.

*

ईआरपीनेक्स्ट हा सेटअपच्या बाबतीत सुदैवी प्रकल्प म्हणायला हवा. बाहेरच्या जगातले आकडे पाहिले की छाती दडपते. क्रोम ज्याच्यावर उभा आहे त्या क्रोमियमच्या सूचना किमान ८ जीबी रॅम मागतात, १६ हून जास्त असावी असा आग्रह धरतात, आणि डिस्कवर १०० जीबी मोकळी जागा. अँड्रॉइडचा सोर्स बांधायला गूगल ६४ जीबी रॅम आणि ४०० जीबी जागा सांगतं. सहा कोअरच्या यंत्रावर पहिल्या पूर्ण बांधणीला सहा तास लागतात असं त्यांच्याच सूचनांत आहे. वाशीतल्या जवळपास प्रत्येकाच्या खिशात अँड्रॉइड आहे, पण तो बांधू शकणारं यंत्र गावात शोधावं लागेल. कायद्याने ईआरपीनेक्स्ट आणि अँड्रॉइड दोन्ही मोकळे आहेत. व्यवहारात त्यातला एक इथं पोचतो आणि दुसरा पोचत नाही.

तरीही मोठा प्रकल्प म्हणजे अवजड सेटअप असं असायलाच हवं असं नाही. मोझिलाने फायरफॉक्ससाठी ‘आर्टिफॅक्ट बिल्ड’ची वाट काढली. ब्राउझरचा अवजड भाग, सी प्लस प्लस आणि रस्टमधला, मोझिला आपल्या सर्व्हरवर आधीच बांधून ठेवतं. ज्याला फक्त पडद्याच्या बाजूचा कोड बदलायचाय तो तयार भाग उतरवून घेतो आणि आपल्या वाट्याचंच काम करतो. कुणी तरी बसून विचार केला की कमी ताकदीच्या यंत्रावरच्या माणसाला आत कसं घ्यायचं. मला वाटतं, प्रकल्प किती मोकळा आहे हे मोजायचं असेल तर परवान्याच्या नावाइतकंच हेही बघावं.

भाषेची अडचणही फक्त आपलीच नाही. लिब्रेऑफिसचा पूर्वज स्टारऑफिस जर्मनीत लिहिला गेला. सन कंपनीने तो १९९९ मध्ये विकत घेतला, २००० मध्ये कोड खुला केला, आणि २०१० मध्ये त्यातून लिब्रेऑफिस वेगळं झालं. तेव्हा कोडमधल्या हजारो टिपा जर्मन भाषेत होत्या. जर्मन न येणाऱ्या प्रोग्रॅमरला त्या आंधळ्या भिंतीसारख्या. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं बसून त्या एकेक करून इंग्रजीत आणल्या, आणि ते काम नवख्यांना मुद्दाम दिलं गेलं, कारण ते करताना कोडही वाचला जाई. भाषेमुळे कोणी बाहेर राहतंय हे दिसल्यावर एवढे कष्ट घेणारे लोक आहेत. मग मराठी पोरांसाठी सेटअपची एक नीट मराठी पुस्तिका, चुका आणि त्यांच्या उपायांसकट, प्रकल्पाच्या भांडारातच असावी, ही अपेक्षा जास्तीची नाही.

शिकवण्याची पद्धत तर आपल्याकडे तयार आहे. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प उभा राहिला. साधारण दहा मिनिटांचा एकेक धडा, पडद्यावर काम चालू आणि कानावर आवाज, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. शिकणाऱ्याने एका खिडकीत धडा लावायचा, शेजारच्या खिडकीत तेच स्वतः करायचं, अडलं की थांबवायचं. लिनक्स, पायथन, लिब्रेऑफिस यांचे धडे त्यात आहेत, आणि ते उतरवून घेऊन नेटशिवाय बघता येतात. जोडीचा फॉसी हा प्रकल्प कॉलेजांत मुक्त सॉफ्टवेअर नेतो. धाराशिवला तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आजूबाजूला बार्शी, बीड, लातूरची कॉलेजं आहेत. प्रयोगशाळेच्या तासाला बेरजेचा प्रोग्रॅम शंभराव्यांदा लिहून घेण्याऐवजी एक सत्र फक्त एखादा मोठा प्रकल्प उभा करण्यात घालवावं. जे पोरगं नोड, डेटाबेस, रेडिस आणि गिट यांचं भांडण एकदा स्वतः सोडवतं, ते पुण्याच्या मुलाखतीत बिचकत नाही, आणि पुण्याला न जाताही काम करू शकतं.

डॉकरचा पर्याय इथं विचारला जाणारच. फ्रॅपेने तयार डॉकर मांडणी दिली आहे. सगळी साधनं एका पेटाऱ्यात बंद, आवृत्त्यांची भांडणं नाहीत. वेळ कमी असेल तर ती घ्यावी. पण पेटारा उतरवायलाही नेट लागतं, चार जीबीच्या यंत्रावर तो जड जातो, आणि शिकणाऱ्यापासून नेमकं तेच लपवतो जे त्याने पाहायला हवं. ढगातलं, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवरचं यंत्र ब्राउझरमधून वापरायची सोयही आता आहे. तिथं रॅमचा प्रश्न सुटतो, पण नेट गेलं की हातातलं कामच जातं. वाशीसाठी मी लॅपटॉपवरच्या साध्या मांडणीच्या बाजूने आहे. एकदा उभी राहिली की तिला नेट लागत नाही. वीज गेली तरी बॅटरी संपेपर्यंत काम चालू राहतं.

*

नेटचा भार कमी करायची एक रीत मी इथं सगळ्यांना सांगतो. एका चांगल्या नेटच्या ठिकाणी सगळं एकदाच उतरवायचं आणि पेनड्राइव्हवर आणायचं. गिटमध्ये ‘बंडल’ नावाची सोय आहे. अख्खं भांडार, इतिहासासकट, एका फाइलमध्ये बांधता येतं आणि त्या फाइलवरून नेटशिवाय क्लोन करता येतं. पिपला लायब्रऱ्या एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवायला सांगता येतं आणि नंतर फक्त त्याच फोल्डरमधून बसवायला. यार्नलाही असा साठा करता येतो. उबंटूचे पॅकेज, फॉन्ट आणि नोड सोबत घ्यायचे. एक मुलगी हे बार्शीहून घेऊन आली तर वर्गातली बाकीची तेच वापरतात.

बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवायचा असेल तर गिटहबवर आपली प्रत काढायची, वेगळ्या शाखेत काम करायचं आणि पुल रिक्वेस्ट द्यायची. फ्रॅपेच्या भांडारात शीर्षकाची सुरुवात ठरावीक शब्दाने करावी लागते, दुरुस्ती असेल तर ‘फिक्स’, नवी सोय असेल तर ‘फीट’. पाठवण्याआधी आपल्या साइटवर चाचण्यांना परवानगी देऊन त्या चालवून पाहायच्या. खऱ्या माहितीच्या साइटवर नाही, त्यासाठी वेगळी साइट करायची. पुल रिक्वेस्ट गेली की त्याच चाचण्या तिकडच्या सर्व्हरवर आपोआप चालतात आणि मग कोणी तरी कोड वाचतं. वाचणारा बहुधा म्हणतो, या बदलासाठी एक चाचणीही लिहा. त्याला नकार समजू नये. लिहून द्यावी.

पेनड्राइव्हवरचं बंडल अधूनमधून ताजं करावं लागतं. पूर्ण नव्याने उतरवायची गरज नसते. मागच्या बंडलनंतरच्या नोंदींचं छोटं बंडल करता येतं, ते मोबाइलच्या नेटवरही येतं. लायब्रऱ्यांचा साठा मात्र आवृत्ती बदलली की नवा करावा, जुना आणि नवा एकाच फोल्डरमध्ये मिसळू नये, आणि फोल्डरच्या नावातच फ्रॅपेची आवृत्ती लिहून ठेवावी.